सायकलीवरून धोमपर्यंत

(नवसाक्षरांच्या मेळाव्यात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



दोन शब्द बोला, असे आम्हांला सांगितले आहे. दोन शब्दांत आमचे भागत नाही, हे आमच्या जुन्या विद्यार्थ्यांना चांगले ठाऊक आहे. पस्तीस वर्षे खडू हातात धरला. तो आता सुटत नाही. पण भिऊ नका. आज आम्ही फळ्यापुढे उभे नाही. आज एका सहलीची हकीगत सांगायची आहे.

सहल काही काशी-रामेश्वरची नव्हती. आपल्या गावाहून वाई. वाईहून मेणवली. मेणवलीहून धोम. कृष्णामाईच्या काठाकाठाने सायकलीवरून जायचे आणि दिवे लागायच्या आत घरी परतायचे. जाऊन येऊन पंचवीस-तीस किलोमीटर भरले असतील. तरणी पोरे फटफटीवरून एवढे अंतर तासाभरात तोडतात. आम्हांला सारा दिवस लागला. त्या दिवसात काय काय पाहिले, तेच आज सांगतो.

कोण कोण निघाले

आम्ही चौघे निघालो. एक आम्ही स्वतः. वय सहासष्ट. दुसरे तात्या. त्यांची चार एकर जमीन आहे. तीत ऊस उभा आहे. गेल्या वर्षी ते रात्रीच्या वर्गाला आले. आता वर्तमानपत्रातला बाजारभाव स्वतः वाचतात. चष्मा मात्र आमचा ओढून घेतात.

तिसऱ्या आक्का. चौथी आक्कांची नात. ती नववीत आहे.

आक्कांविषयी थोडे सांगितले पाहिजे. त्यांचे यजमान लवकर गेले. पदरात दोन पोरे. गोठ्यात दोन म्हशी. दूध वाईला घालायचे, तर एस.टी.ची वेळ जुळेना. मग आक्कांनी काय केले? सायकल शिकायची ठरवली. वय होते तीस. बाई सायकलीवर बसते म्हणून गाव हसेल, असे त्यांना वाटले. म्हणून त्या रात्री खळ्यावर शिकल्या. पडल्या, खरचटले, हळद लावली, पुन्हा बसल्या. पंधरा दिवसांनी दुधाची किटली हँडलला अडकवून त्या वाईच्या रस्त्याला लागल्या. गाव हसले. मग हसायचे थांबले. मग दूध मागायला लागले.

तीस वर्षे आक्कांनी त्या रस्त्यावर सायकल मारली. पण रस्त्यावरची एकही पाटी त्यांना वाचता येत नव्हती. चाक आधी आले, अक्षर मागून आले. अक्षर त्या साठीनंतर शिकल्या.

अशी गोष्ट एकट्या आक्कांचीच आहे, असे समजू नका. तमिळनाडूत पुदुकोट्टई नावाचा जिल्हा आहे. तिथे १९९१ साली साक्षरतेची मोठी मोहीम निघाली. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत या बाईच होत्या. बायकांना घराबाहेर पडून वर्गाला यायचे, तर पायात बळ हवे. म्हणून अक्षराबरोबर सायकलही शिकवायला सुरुवात झाली. शेतमजूर बाया, खाणीत दगड फोडणाऱ्या बाया, अंगणवाडीच्या बाया, सगळ्या शिकल्या. लाखाच्या वर बायका सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यांची हकीगत लिहून ठेवली आहे. आम्ही ती आक्कांना सांगितली. त्या म्हणाल्या, "म्हंजी येडी म्या एकलीच न्हवते तर!"

नदीकाठची वाट

मार्गशीर्षातला रविवार होता. आदल्या रात्री सायकली पाहून ठेवल्या. चाकातली हवा दाबून पाहिली. चेनला तेल सोडले. ब्रेक ओढून पाहिले. सकाळी भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि पाणी बरोबर घेतले. आक्कांनी आपल्या कॅरिअरला एक प्लास्टिकची पिशवी बांधली होती. ती सपाट होती, भाकरीची दिसत नव्हती. आम्ही विचारले नाही.

म्हाताऱ्या माणसाने सायकल चालवायची, तर नदीकाठची वाट धरावी. तिला चढ फार नसतात. याचे कारण सोपे आहे. पाणी आपली वाट सपाटीने काढत जाते. आपण त्याच्या सोबतीने गेलो, की आपलीही दमछाक होत नाही. आम्ही वरच्या अंगाला निघालो होतो. म्हणजे जाताना किंचित चढ आणि येताना किंचित उतार. दमल्यावर उतार मिळावा, हा हिशेब सहलीला निघताना ध्यानात ठेवावा.

पहाटेचे धुके नदीवर होते. रस्त्याला उसाच्या गाड्या लागल्या. ट्रॉलीतून पडलेल्या उसाच्या कांड्यांवरून चाक घसरते. म्हणून आम्ही डाव्या कडेने, एकामागे एक, सावकाश चाललो. आक्कांची नात तेवढी पुढे पळायची. मग वळणावर पाय टेकून उभी राहायची आणि म्हणायची, "या की लौकर!" तिला तात्या म्हणाले, "पोरी, तू पोचलीस खरी. पर वाटंत काय काय बगितलंस?" तिने नुसते हसून टाळले.

आक्का मात्र प्रत्येक पाटीपाशी पायडल मारायचे थांबवायच्या. सायकल आपली आपण चालायची आणि आक्का वाचायच्या. "पु-ढे शा-ळा आ-हे." "वा-ह-ने सा-व-का-श चा-ल-वा." एका पाटीवरची अक्षरे उन्हाने उडाली होती. तीही त्यांनी लावली. मग म्हणाल्या, "गुरुजी, ही पाटी तीस वर्सं हितंच हाय. म्या समजत व्हते, कुनाच्या दुकानाची असंल."

वाईचा घाट

वाईला पोचलो तेव्हा ऊन घाटाच्या पायऱ्यांवर आले होते. वाईला कृष्णेवर सात घाट आहेत. गणपती घाटावर ढोल्या गणपतीचे देऊळ आहे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी ते १७६२ साली बांधले. मूर्ती एकाच दगडाची आहे आणि अंगाने एवढी मोठी आहे, की लोकांनी देवाला लाडाने 'ढोल्या' म्हटले.

दर्शन तर सगळेच घेतात. आम्ही तात्यांना देवळाच्या मागे नेले. तिथे पाहण्यासारखी गोष्ट आहे. मागची भिंत सपाट नाही. तिला माशासारखा आकार आहे, पुढे निमुळता. असे का? कृष्णेला पूर आला, की पाणी देवळाच्या पाठीवर येते. भिंत सपाट असती, तर पाण्याचा सारा मार तिने छातीवर घेतला असता. निमुळत्या टोकावर पाणी फाकते आणि दोन्ही बाजूंनी निघून जाते. अडीचशेवर पावसाळे झाले. देऊळ उभे आहे.

तात्यांनी भिंतीवरून हात फिरवला. म्हणाले, "बांधणाऱ्यानं आधी नदी वाचली, मग देऊळ बांधलं." आम्हांला हे वाक्य फार आवडले. ते आम्ही वहीत लिहून घेतले.

वाईत आणखी एक ठिकाण आक्कांना दाखवायचे होते. मराठी विश्वकोशाचे काम वाईत चालते. विश्वकोश म्हणजे काय? पृथ्वीवर जे जे जाणण्यासारखे आहे, ते ते मराठीत लिहून ठेवलेले पुस्तक. नदी, धातू, रोग, यंत्रे, राजे, पिके, सगळे त्यात आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी हे काम उभे केले. पहिला खंड १९७६ साली निघाला. पुढे असे वीस खंड झाले. रविवार असल्यामुळे आम्ही बाहेरूनच नमस्कार केला. पण तो सन ध्यानात ठेवा. १९७६. त्याचे काम पुढे पडणार आहे.

मेणवलीची घंटा

वाईपासून मेणवली तीन किलोमीटर आहे. गाव जवळ आले आणि तात्यांचे मागचे चाक बसले. बाभळीचा काटा. आता आली का पंचाईत? मुळीच नाही. तात्यांच्या पिशवीत सोल्युशन, पॅच आणि घासायला कागद होता. पंप कॅरिअरला होता. घाटावर सायकल उलटी केली. ट्यूब बाहेर काढली, हवा भरली आणि नदीच्या पाण्यात धरली. जिथून बुडबुडे आले, तिथे भोक. ते पुसले, घासले, सोल्युशन लावले, वाळू दिले, पॅच दाबला. वीस मिनिटांत चाक उभे.

तेवढ्या वेळात आम्ही नातीला एक गोष्ट सांगितली. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे नाव शेतकऱ्याला नवे नाही. त्यांचा लोखंडी नांगर घरोघर होता. पण त्यांच्या धंद्याची सुरुवात कशाने झाली? १८८८ साली बेळगावात काढलेल्या सायकलीच्या दुकानाने. ते सायकली दुरुस्त करीत आणि लोकांना चालवायलाही शिकवीत. ते ऐकून पोर म्हणाली, "म्हणजे तात्याआजोबापण कारखाना काढणार!" तात्या पंप मारता मारता म्हणाले, "आधी चाक तर फुगू दे."

मेणवली हे नाना फडणविसांचे गाव. नाना म्हणजे पेशवाईतले मोठे कारभारी. जन्म १७४२, मृत्यू १८००. नदीकाठी त्यांचा सहा चौकांचा वाडा आहे. वाड्यामागे दगडी घाट आहे. तिथे मेणेश्वराचे देऊळ आहे. 'स्वदेस' नावाच्या सिनेमाचे चित्रण इथे झाले होते. तो २००४ साली आला. तेव्हापासून हा घाट पाहायला लोक लांबून येतात.

घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. ती आपल्या देवळातल्या घंटेसारखी नाही. चिमाजीअप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. तिकडून आणलेल्या घंटांपैकी ही एक. म्हणून तिच्यावर येशूला घेतलेल्या मेरीमातेचे चित्र आहे आणि घंटा ओतल्याचा सनही आहे. सनाचे आकडे इंग्रजी. पण आक्का मोबाइलमुळे ते आकडे जाणतात. मान वर करून त्यांनी एकेक आकडा लावला. "एक... सात... शून्य... सात." १७०७! औरंगजेब बादशहा मेला ते साल. आक्का म्हणाल्या, "एवढी जुनी, आन् अजून आपलं वय सांगतीया!"

या वाड्यात नानांचे कागदपत्रांचे मोठे दप्तर होते. इतिहासाचे अभ्यासक त्याला मेणवली दप्तर म्हणतात. कोणी कोणाला काय लिहिले, किती रुपये दिले, कोणता करार झाला, सगळे कागदावर. नानांनी तलवारीपेक्षा कागद जास्त चालवला. तात्यांनी विचारले, "गुरुजी, त्ये कागद तुमाला वाचाया येतील का?" खरे सांगायचे, तर नाही. ते मोडी लिपीत आहेत. आमच्या वेळी मोडी शाळेतून गेली होती. म्हणजे त्या दप्तरापुढे आम्हीही अंगठेबहाद्दरच. तात्यांना हे ऐकून इतका आनंद झाला, की त्यांनी तो लपवलाही नाही.

आक्का मात्र त्या वेळी गप्प होत्या. कॅरिअरवरच्या पिशवीवर हात ठेवून उभ्या होत्या.

धोम

मेणवलीहून पुढे दोन्ही अंगांना डोंगर जवळ येतात. एका बाजूला पांडवगड दिसतो. शेतात कुठे ऊस, कुठे हळद. वाईपासून धोम आठ-नऊ किलोमीटर. धौम्य ऋषींवरून गावाला हे नाव पडले, असे लोक सांगतात. तिथे नृसिंहाचे आणि महादेवाचे देऊळ आहे. महादेवासमोरचा नंदी पाहण्यासारखा आहे. कमळाच्या आकाराचे दगडी कुंड आहे. त्यात दगडी कासव. कासवाच्या पाठीवर नंदी. कुंडात पाणी भरले, की कासव नंदीला घेऊन पोहते आहे असे वाटते. नात म्हणाली, "याला म्हणतात सावकाश सहल!" पोरगी शिकत होती तर.

गावाच्या वर धरण आहे. मातीचे धरण. १९७७ च्या सुमारास ते पुरे झाले. साडेतेरा अब्ज घनफूट पाणी त्यात मावते. डावा कालवा आणि उजवा कालवा असे दोन कालवे निघतात. तात्यांचा ऊस, आमच्या परसातली केळ, आपल्या गावच्या विहिरींची ओल, हे सगळे या पाण्याचे देणे आहे. आपण कृष्णामाईला हात जोडतो, ते बरोबरच आहे. पण या पाण्याखाली काय आहे, हे आपण फारसे विचारत नाही.

पाण्याच्या बाजूला एका झाडाखाली सायकली लावल्या. समोर निळे पाणी पसरले होते. भाकरी सोडणार, तेवढ्यात आक्का म्हणाल्या, "जरा थांबा." त्यांनी ती पिशवी उघडली. आत जुने वर्तमानपत्र होते. त्याच्या घडीत एक कागद. पिवळा पडलेला. घड्यांवर फाटायला आलेला.

आक्का म्हणाल्या, "माजं म्हायेर ह्या पान्याखाली हाय."

आम्ही इतकी वर्षे आक्कांना ओळखतो. हे आम्हांला ठाऊक नव्हते.

धरणाचे काम चालू होते, तेव्हा आक्का बारा-तेरा वर्षांच्या होत्या. जमीन गेली. कचेरीतून कागद आला. वडिलांनी अंगठा करून तो घेतला आणि देव्हाऱ्यामागे ठेवला. सरकारी कागद जपून ठेवायचा, एवढेच त्यांना माहीत. मग ते कुटुंब तिथून हलले. देव हलले, त्यांच्याबरोबर कागदही हलला. वडील गेल्यावर तो आक्कांच्या पेटीत आला. पन्नास वर्षे त्या घरात तो कोणी वाचला नव्हता.

आक्का म्हणाल्या, "पोराला दिला आस्ता तर वाचला आस्ता त्यानं. पर मला वाटलं, बाचा कागद हाय. म्याच वाचीन. आन् हितंच वाचीन."

त्यांनी कागद मांडीवर पसरला. बोट ठेवून वाचायला लागल्या. कचेरीची भाषा कठीण. 'निवाडा' या शब्दापाशी अडल्या. आम्ही सांगितले, निवाडा म्हणजे जमिनीचे किती पैसे द्यायचे याचा सरकारने केलेला निर्णय. पुढे गावाचे नाव आले. ते त्यांनी दोनदा वाचले. वडिलांचे नाव आले. जमिनीचा आकार आला. पैशाचा आकडा आला. मग खाली एक ओळ होती. ती त्यांनी अक्षर अक्षर लावली.

"नि-वा-डा मा-न्य न-स-ल्या-स स-हा आ-ठ-व-ड्यां-च्या आ-त अ-र्ज क-रा-वा."

आक्का थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून ती ओळ वाचली. मग आमच्याकडे पाहून म्हणाल्या, "गुरुजी, सा आठवडं म्हंजी दीड म्हैना न्हवं?"

आम्ही म्हटले, "होय."

"आन् त्यो दीड म्हैना ह्यो कागद देवाऱ्यामागं व्हता."

मंडळी, तशी सोय कायद्यात खरोखरच होती. तेव्हाचा भूसंपादनाचा कायदा १८९४ सालचा. निवाडा मान्य नसेल, तर मुदतीत लेखी अर्ज करावा, म्हणजे ते प्रकरण न्यायालयाकडे जाईल, असे त्यात म्हटले होते. २०१४ पासून त्या जागी नवा कायदा आला. अर्ज केला असता, तर पैसे वाढून मिळाले असते का? कोणी सांगावे! मिळाले असते किंवा नसतेही. पण मागता आले असते. मागण्याचा दरवाजा दीड महिना उघडा होता आणि त्या दरवाजावरची पाटी घरात कोणाला वाचता आली नाही.

नातीने विचारले, "आता अर्ज नाही का करता येणार?"

आम्ही खोटा धीर दिला नाही. मुदत जाऊन पन्नास वर्षे झाली. आता नाही.

आक्का रडल्या नाहीत. पाण्याकडे पाहत म्हणाल्या, "पानी वाईट न्हाई. पानी हाय म्हनून समद्यांचं पिकतंय. पर बा लई दिस म्हनायचा, आमाला कुनी इचारलंच न्हाई. इचारलं व्हतं की. कागदावर इचारलं व्हतं."

आता तो सन आठवा. १९७६. वाईच्या घाटाशेजारी विद्वान माणसे साऱ्या जगाचे ज्ञान मराठीत लिहीत होती. ते फार मोठे काम. आणि तिथून तीन कोसांच्या आत एका शेतकऱ्याच्या घरी मराठीत लिहिलेली एक ओळ न वाचता पडली होती. लिहिणारे होते. वाचायला शिकवणारे कमी पडले.

त्या कमी पडणाऱ्यांत आम्ही आहोत. हे आज कबूल केले पाहिजे. आक्का तीस वर्षे दुधाची किटली घेऊन आमच्या शाळेवरून गेल्या. त्यांची दोन्ही मुले आमच्या हाताखाली शिकली. त्यांच्या प्रगतिपुस्तकावर आक्का अंगठा करायच्या आणि शाईचा पॅड आम्हीच पुढे करायचो. "आक्का, तुम्हांला वाचायला शिकायचे आहे का?" एवढा एक प्रश्न आम्ही तीस वर्षांत विचारला नाही. शाळा मुलांची, आपले काम मुलांशी, असे समजून राहिलो. झाडाखाली बसून आम्ही हे आक्कांना सांगितले. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या गुरुजी. मला तरी कुटं इचारावं वाटलं?"

तात्या इतका वेळ बोलले नव्हते. त्यांनी डब्यातून गुळाचा खडा काढला. त्यांच्या उसाचा, गुऱ्हाळावरून आणलेला. तो त्यांनी आक्कांपुढे ठेवला. आक्कांनी त्याचे चार तुकडे केले. मग आम्ही भाकरी खाल्ली.

परतताना

कागद आक्कांनी जुन्याच घड्यांवर घडी घालून पिशवीत ठेवला. उन्हे कलली होती. वाट उताराची होती. पायडल फारसे मारावे लागले नाही. नात आता पुढे पळत नव्हती. ती आजीच्या मागे चालली होती. पाटी आली, की आजीच्या आधी वाचायचा मोह तिला व्हायचा. पण ती थांबायची आणि आजीला वाचू द्यायची. दिवे लागायच्या आत आम्ही घरी पोचलो. गुडघे दुखले. ते दोन दिवस दुखले. सहलीचा तेवढाच खर्च.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजींनी उपदेश करणार नाही असे सुचवले होते. उपदेश नाही. कामाच्या चार गोष्टी तेवढ्या सांगतो.

घरात न वाचलेला कागद ठेवू नका. पेटीत, देव्हाऱ्यामागे, कौलात खोचलेला जो कागद असेल, तो या आठवड्यात बाहेर काढा. स्वतः वाचा. अडलात, तर वर्गाला घेऊन या.

कागद हातात आला, की आधी दोन गोष्टी शोधा. तारीख आणि मुदत. बाकीचे मागून वाचले तरी चालते.

सही करण्याआधी वर काय लिहिले आहे ते वाचा. कचेरीतला मनुष्य घाई करील. त्याला नम्रपणे सांगा, "मी हळू वाचतो, थोडे थांबा." हळू वाचण्यात लाज नाही. अर्ज दिला, तर त्याची पोच मागून घ्या.

आणि नदीकाठी सहलीला गेलात, तर धरणाच्या खाली पाण्यात उतरण्याआधी पाटी वाचा. धरणातून पाणी सोडले, की कोरड्या दिसणाऱ्या पात्रात बघता बघता पाणी चढते. भोंगा ऐकू आला, की काठावर या. भांडी, कपडे मागे राहिले, तर राहू द्या.

आक्कांनी परवा वर्गात आम्हांला एक प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "गुरुजी, ही कृष्णा धोमवरनं कुटं जाती?" आम्ही नकाशा काढला. महाबळेश्वरला उगम. वाई, सांगली, मग कर्नाटक, तेलंगण, आंध्र, आणि शेवटी पूर्वेचा समुद्र. सुमारे चौदाशे किलोमीटर. आक्कांनी बोटाने ती निळी रेघ शेवटपर्यंत नेली. वाटेतले एकेक नाव वाचले. समुद्राला बोट लागल्यावर म्हणाल्या, "एवडं काय सायकलीनं व्हायचं न्हाई. पर थोडं खालच्या अंगाला जाऊन यिऊ."

तेव्हा येत्या रविवारी आम्ही खालच्या अंगाला निघणार आहोत. ज्यांच्याकडे सायकल आहे त्यांनी यावे. नसेल त्यांनी मागून घ्यावी. हवा भरून ठेवा. भाकरी बरोबर घ्या. आणि घरात एखादा जुना कागद असेल, तर तोही घ्या. झाडाखाली बसून वाचू.